चोरखिशात पासपोर्ट, पिशवीत देव

परदेशात चोरांपासून चीजवस्तू कशा सांभाळाव्यात, हे आता मला कुणीही विचारावं. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. स्पेनमधलं बार्सिलोना बघून आल्यापासून मापं द्यायला येणाऱ्या बायका आधी चोरांबद्दल विचारतात आणि मग गळा किती खोल ठेवायचा ते सांगतात. प्रत्येकीला तेच ते सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्यांना जायचं आहे त्यांनी वाचावं, आणि ज्यांना जायचं नाही त्यांनी आमची फजिती म्हणून वाचावं.

सोलापूर

माझी लेक पूनम बार्सिलोनात एका प्रयोगशाळेत काम करते. "ये, ये" म्हणून ती मागे लागली होती, पण तिची एक अट होती. मोठीआईला बरोबर आणायचं. मोठीआई म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. अक्कलकोटजवळ, कानडी मुलखाच्या कडेला मैंदर्गीला राहतात, थोडी कोरडवाहू जमीन आहे, शेळ्या-मेंढ्या आहेत. पूनमचे वडील आजारी होते तेव्हा मी दवाखान्यात आणि पूनम अक्कांच्या कडेवर, असे दिवस गेले. पुढे माझे मालक गेले, अक्कांचे तर त्याआधीच गेले होते. आता मी सोलापुरात एकटी आणि अक्का मैंदर्गीत एकट्या, मधे फोन.

तिकिटं काढल्यावर पूनमने फोनवर शाळा सुरू केली. "आई, इथे कुणी चाकू दाखवून लुटत नाही. गोडीगुलाबीने नेतात. तुमचं लक्ष दुसरीकडे वळवायचं आणि हात मारायचा. पासपोर्ट अंगावर ठेवायचा, त्याची झेरॉक्स बॅगेत. सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. हॉटेलात टेबलावर मोबाईल ठेवायचा नाही. आणि सोनं आणायचंच नाही."

मी शिंपीण. मला कुणी खिसा सांभाळायला शिकवावं? दोन दिवस दुकान बंद ठेवून मी नुसते चोरखिसे शिवले. माझ्या परकराला आतून चेनचा खिसा, त्यावर झाकण, झाकणाला टिचबटण. पंजाबी ड्रेसच्या सलवारीलाही तसाच. अक्कांचा प्रश्न अवघड होता, कारण त्या नऊवारी नेसतात आणि नऊवारीच्या आत परकर नसतो. मग मांजरपाटाची चपटी पिशवी शिवली, तिला रुंद पट्टा लावला. कमरेला बांधायची आणि वरून काष्टा. मी स्वतः हात घालून बघितलं, मलाच ती सापडेना. इतकं सुंदर काम झालं होतं की कुणाला दाखवता येत नाही याचंच वाईट वाटलं.

सोनं दोघींचं बँकेच्या लॉकरमध्ये गेलं. राहिले देव.

अक्कांच्या घरी आमच्या घराण्याचे टाक आहेत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, बोटाच्या दोन पेरांएवढा. बिरोबा, खंडोबा, तुळजाभवानी आणि चौथ्या आमच्या सासूबाई. सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचा टाक करून देवात बसवला. हयातीत त्या तुळजापूरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. माझं पहिलं शिलाई मशीन त्यांनी दोन शेळ्या विकून घेऊन दिलं, आणि सासरे रागावले तर म्हणाल्या, "शेळी मरती, मशीन मरत न्हाय." देवघरातल्या इतर देवांसमोर मी हात जोडते, त्यांच्यासमोर जरा जास्त वेळ उभी राहते.

या देवांना अक्का रोज पाणी घालतात, घरात जे शिजेल त्याचा घास दाखवतात आणि मगच स्वतः खातात. इतक्या वर्षांत त्यांचा एक दिवस चुकलेला मला माहीत नाही.

"देव पण लॉकरला ठेवू या की," मी म्हणाले.

"देव कोंडून ठेवतंय व्हय कोन? अंदारात, उपाशी?"

"मग दत्तूभाऊजींकडे द्या." दत्तू म्हणजे आमच्या भाऊकीतले चुलत दीर. शेताच्या बांधावरून अक्कांचा आणि त्यांचा अबोला आहे.

"त्याच्याकडं? एकदा देव त्याच्या घरात गेलं की बांद बी तिकडंच सरकंल."

म्हणजे देव आमच्याबरोबर येणार हे ठरलं. मी म्हणाले, मग त्यांनाही कमरेच्या पिशवीत घाला, तिथे वाराही पोचत नाही. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सुई हातातच विसरले.

"कमरंला देव न्हाय बांदायचं, सुनंदा. चामडं लागलं न्हाय पायजे, भुईवर टेकलं न्हाय पायजे, अन् अंगावर घाण असंल तर त्यांना शिवायचं न्हाय."

चोळीतला खिसा सुचवला, तर तिथे घाम. शेवटी सासूबाईंच्याच जुन्या इरकल लुगड्याचा काठ कापून एक छोटी पिशवी शिवली, खांद्याला लावायची आणि वरून पदर. पासपोर्ट सात पडद्यांच्या आत आणि देव पदराच्या एका पडद्याखाली, अशी आमची वरात निघाली.

मुंबई, विमानतळ

पासपोर्ट इतका सुरक्षित होता की खुद्द अक्कांनाही तो काढता येईना. काउंटरवरच्या साहेबांनी हात पुढे केलेला, मागे ही रांग. अक्का त्यांना म्हणाल्या, "सायेब, वाईच तिकडं तोंड करा की." साहेब भले होते. त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. मी मधे ओढणी धरली. काष्टा सैल झाला, नाडीची गाठ बसली होती, ती दातांनी सोडवली. पासपोर्ट बाहेर आला तेव्हा मागच्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली.

पुढे तपासणीचं यंत्र आलं. सगळ्यांनी बूट, पट्टे, मोबाईल ट्रेमध्ये टाकायचे. अक्कांनी ट्रे बघितला. त्यातून नुकतेच कुणाचे तरी बूट उतरले होते.

"बुटाच्या ताटात देव ठिवू?"

तिथल्या पोलीस बाई मराठीच होत्या. त्यांनी विचारलं, "काकू, काय आहे यात?"

"देव हायत. अन् सासूबाई."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी आतून एक कोरा ट्रे आणला, अक्कांनी त्यात धुतलेला पंचा अंथरला, आणि आमचे तिन्ही देव व सासूबाई त्या काळ्या बोगद्यातून पलीकडे गेले. पडद्यावर त्यांची बारीक चित्रं दिसली असणार. पोलीस बाईंनी पडद्याकडे बघून हळूच हात जोडले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बार्सिलोना

पूनमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दारातच तिने अक्कांना मिठी मारली आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. मी बाजूला दोन बॅगा घेऊन उभी. मला हेवा वाटला असं नाही, पण बॅगा जड होत्या.

अक्कांनी आधी देवांची सोय लावली. पुस्तकांच्या कपाटाची वरची फळी पुसली, पंचा अंथरला, देव बसवले. मग स्वयंपाकघर बघितलं. फ्रिजमध्ये एक लिंबू, दही आणि डब्यातलं काहीतरी. "ही काय खाती गं?" अक्कांनी मला कानडीत विचारलं, म्हणजे पूनमला कळू नये. पूनमला मैंदर्गीचं सगळं कानडी कळतं. ती म्हणाली, "मोठीआई, भूक लागली की फ्रिज उघडते आणि उभ्याउभ्याच खाते. एकटीसाठी कोण ताट मांडणार?"

आम्ही मैंदर्गीहून ज्वारीचं पीठ नेलं होतं. तिथल्या विजेच्या शेगडीवर पहिली भाकरी तुटली, दुसरी कच्ची राहिली, तिसरीला अक्कांनी शेगडीला चार शब्द सुनावले आणि ती फुगली. तिथल्या लोकांची न्याहारी आम्हाला मात्र लगेच आवडली. पाव भाजायचा, त्यावर अर्धा कापलेला टोमॅटो घासायचा, वरून तेल आणि मीठ. अक्का म्हणाल्या, "आपन भाकरीवर ठेचा चोळतो की, तसंच हाय. ही मानसं आपल्यातलीच दिसत्यात."

गावात फिरायला लागल्यावर पूनमची शाळा खरी वाटू लागली. भुयारी रेल्वेत बाया-बाप्ये सगळे पाठीवरची सॅक पोटावर घेऊन उभे असतात, लेकरू बांधल्यासारखे. हॉटेलात बायका पर्सचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकवून बसतात. आपल्याकडे एस.टी.त जागा धरायला आपण खिडकीतून पिशवी आत टाकतो आणि दहा मिनिटांनी मागून चढतो. तिथे असं केलं तर जागा मिळेल, पिशवी मिळणार नाही. मी सगळीकडे एक हात परकराच्या खिशावर ठेवून चालत होते. पूनम म्हणाली, "आई, तू असा हात ठेवतेस ना, त्यानेच चोराला कळतं माल कुठे आहे ते." मी हात काढला. चार पावलांवर तो आपोआप परत तिथे गेला.

एक दिवस डोंगरावरच्या देवीला गेलो. मॉन्त्सेरात म्हणतात त्या जागेला. बोटं उभी केल्यासारखे उघडे कडे आणि त्यांच्या कुशीत देऊळ. दातेरी रुळांवरची गाडी वर नेते. देवी काळीसावळी, मांडीवर मूल, हातात गोळा. बाकी मूर्ती काचेत, तो गोळा तेवढा बाहेर, आणि लोक रांगेने येऊन त्याला हात लावतात. अक्कांचा नंबर आला तेव्हा त्यांनी पदराखालची पिशवी काढून त्या गोळ्याला टेकवली. आमच्याकडे देवांच्या पालख्या एकमेकींना भेटवतात, तशी भेट. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईने ते पाहून स्वतःच्या गळ्यातली माळ काढली आणि तीही टेकवली. खाली उतरल्यावरही अक्का दिवसभर खुशीत होत्या. "सासूबाईंनी लई लांबचा देव बगितला बग," असं त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

मांजराजवळचा बाक

पूनमच्या घराजवळ रावाल नावाची वस्ती आहे. मधे रुंद रस्ता, खजुराची झाडं, बाक, आणि धातूचं एक भलं मोठं गुबगुबीत मांजर. पूनम कामावर गेली की आम्ही दोघी तिथे जाऊन बसायचो. दुकानं बरीचशी पाकिस्तानी आणि बांगलादेशी लोकांची. कोथिंबीर, भेंडी, हिरवी मिरची, सगळं मिळतं. अक्कांची दख्खनी तिथे झकास चालली. "ये मिरची तिखी हय क्या नुस्ती लंबी?" असं विचारून त्यांनी दोन दुकानदारांना हसवलं होतं.

त्या दिवशी समोरच्या बाकावर एक स्थानिक आजीबाई बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि एकाएकी डोळ्याखाली बोट लावून खालची पापणी ओढली.

आता आपल्याकडे असं कधी करतात? पोरं वाकुल्या दाखवतात तेव्हा. अक्का चकित झाल्या. "ही म्हातारी मला येडावती का गं?" आजीबाईंनी पुन्हा पापणी ओढली, जरा जोरात. मग अक्कांनीही डोळा ओढून तिला वेडावून दाखवलं, वर जीभही काढली. मी हसून बेजार झाले.

त्याच वेळी अक्कांच्या खांद्यावर काहीतरी पडलं. पांढरं, चिकट, वास मारणारं. पक्षी शिटला असं वाटलं. लगेच एक सभ्य दिसणारा माणूस हातात कागदी रुमाल घेऊन धावत आला, वर झाडाकडे बोट दाखवून हळहळला आणि पदर पुसायला लागला.

पुढचं जे झालं ते आमच्या घरातल्या बाईकडूनच होऊ शकतं. दुसरी कुणी असती तर तिने पिशवी घट्ट धरली असती. अक्कांनी आधी काय केलं, तर अंगावर घाण पडली म्हणून देवांना झटकन दूर केलं. पिशवी खांद्यावरून काढली, भुईवर ठेवायची नाही म्हणून बाकाच्या पाठीला उंच अडकवली, आणि मग पदर झटकला. मी काय करत होते? मी दोन्ही हातांनी माझ्या परकराचा खिसा धरून उभी होते. पूनमने सांगितलं होतं ना, लक्ष वळवतात म्हणून. मी लक्ष अजिबात वळू दिलं नाही.

पदर पुसून झाला. माणूस हसून गेला. अक्कांनी मागे वळून हात घातला. बाकाची पाठ मोकळी होती.

त्या ओरडल्या नाहीत. एकदा बाकाखाली वाकून बघितलं, एकदा झाडाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. "सुनंदा, देव?" एवढंच म्हणाल्या. मी जन्मात कधी इतकी घाबरले नव्हते. समोरच्या आजीबाई उठून आल्या, स्वतःच्या रुमालाने अक्कांचा खांदा पुसत त्यांच्या भाषेत बोलत राहिल्या. संध्याकाळी पूनमने सांगितलं की तिकडे डोळ्याखाली बोट लावून पापणी ओढणं म्हणजे 'जपून राहा, मागे माणूस उभा आहे.' त्या बिचारीने दोनदा सांगितलं होतं, आणि आम्ही तिला जीभ काढून दाखवली होती.

भूक

पूनमला बोलावून घेऊन पोलीस चौकीत तक्रार दिली. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, ज्याचे चटकन पैसे होत नाहीत ते चोर जवळच्याच कचरापेटीत टाकतात, तेव्हा आशा सोडू नका. माझा पासपोर्ट मी दाखवला. टिचबटण, झाकण, चेन, सगळं जागच्या जागी होतं. मला ते सगळं फाडून फेकावंसं वाटलं.

घरी आल्यावर अक्कांनी पाण्याचा पेलाही हातात घेतला नाही.

"देवाला पानी न्हाय, मला कशाला?"

अक्कांना साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि गोळी जेवणाशिवाय चालत नाही. रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी रिकामी फळी पुसली, तिच्यासमोर बसल्या आणि उठल्या, पण चहासुद्धा घेतला नाही. चेहरा उतरला होता, हात थरथरत होते. पूनमने आधी समजावलं, मग रागावली, मग रडली. "मोठीआई, तुला चक्कर आली तर मी काय करू इथे?" अक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, पण तोंड उघडलं नाही. चांदीची किंमत किती, हा विचार माझ्या मनात आला नाही. आम्ही अक्कांना धडधाकट परत नेतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

पूनमने सुट्टी टाकली आणि आम्ही तिघी रावालच्या गल्ल्यांतून कचरापेट्या बघत निघालो. अक्कांना थांबा म्हटलं तरी त्या थांबल्या नाहीत. एका किराणा दुकानाच्या दारात त्यांना बसवलं. दुकानदार यूसुफभाई, पाकिस्तानातल्या पंजाबचे, पांढरी दाढी. त्यांनी विचारलं, "माँजी, क्या हुआ?"

"हमारी सास गुम गई जी. कल से ढूंढ रे."

"या अल्लाह!" यूसुफभाई गल्ल्यावरून उठलेच. रस्त्यात येऊन त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली. एक बुज़ुर्ग ख़ातून हरवल्या आहेत, सगळ्यांनी शोधा! समोरचा भाजीवाला आला, मोबाईल दुरुस्त करणारा आला. यूसुफभाईंनी अक्कांना विचारलं, "उम्र क्या होगी उनकी?"

"मर के भौत बरस हुए जी."

मग पूनमने पुढे होऊन सगळं सांगितलं, पिशवी, टाक, उपास, गोळ्या. मला वाटलं आता हे लोक हसतील. कुणी हसलं नाही. यूसुफभाई म्हणाले, "बेटी, बड़ों की निशानी है तो ढूंढना तो है ही." आणि माणसं पेट्यांमागे, गाड्यांखाली वाकून बघू लागली.

केस कापायच्या दुकानातून एक माणूस बाहेर आला. हातात इरकली काठाची पिशवी. सकाळी दुकान उघडताना ती त्याला कचरापेटीशेजारी उघडी पडलेली दिसली होती. आरशाच्या वरच्या, सगळ्यात उंच फळीवर त्याने ती ठेवली होती. "देखा तो समझ गया, किसी के घर की इज़्ज़त की चीज़ है. नीचे कैसे रखता?" अक्कांनी दोन्ही हातांनी पिशवी घेतली, कपाळाला लावली, आणि त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तो चाळिशीचा दाढीवाला माणूस लहान पोरासारखा लाजला.

पिशवीत बिरोबा होता. खंडोबा होता. तुळजाभवानी होती. सासूबाई नव्हत्या.

त्याने ती पेटी दाखवली. तिच्या शेजारीच गटाराची लोखंडी जाळी होती. सगळ्यांनी मोबाईलचे दिवे लावून आत बघितलं, यूसुफभाईंनी काठी घालून बघितलं. खाली पाणी वाहत होतं. अक्का जाळीपाशी उभ्या राहिल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "चला."

घरी येऊन त्यांनी तीन देवांना आंघोळ घातली, भाकरी थापली, घास दाखवला. आता त्या जेवतील म्हणून आम्ही ताटं वाढली. अक्कांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं.

"सासूबाई उपाशी हायत की."

पूनम उठली. तिने एका बशीत भाकरीचा तुकडा घेतला, टोमॅटो चोळलेला पाव घेतला, वाटीत दही घेतलं आणि सगळं खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. पेलाभर पाणी शेजारी.

"मोठीआई, आजी या गावातच आहे ना कुठेतरी?"

"हायच. जातीय कुटं?"

"हे गाव माझं आहे. आजी माझ्या गावाला आली आहे. मग तिला जेवायला कोण घालणार, तू की मी?"

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. "रोज जमंल तुला? तू तर उभ्यानं खातीस."

"रोज. तिला वाढीन आणि तिच्याबरोबर बसून खाईन."

तिथे कावळे नाहीत, म्हणून घास शिवायची वाट कुणी बघितली नाही. अक्कांनी खिडकीकडे तोंड करून हात जोडले, मग ताट ओढून घेतलं. पहिला घास पूनमने भरवला. गोळी मी दिली. पाठमोरी होऊन मी भांडी घासत बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि शिंपिणीने रडताना कुणी बघू नये असं मला उगीचच वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्या बाकावर गेलो. आजीबाई होत्या. अक्कांनी त्यांना भाकरी आणि लसणाची चटणी बांधून नेली होती. ती हातात देऊन त्यांनी डोळ्याखाली बोट लावलं आणि पापणी ओढली. आजीबाईंनीही ओढली. दोघी तशाच एकमेकींकडे बघत हसत राहिल्या.

तर मुद्द्याचं सांगते. अंगावर काही पडलं आणि अनोळखी माणूस पुसायला आला, तर आधी तिथून चालू लागा, घाण नंतर धुवा. जे हरवलं तर जीव कासावीस होईल असं काही असेल, ते अंगाला बांधा, मग कुणी काहीही म्हणो. मी आता गिऱ्हाइकांना तसं शिवून देते. छातीशी येणारी, खांद्यावरून उलट्या बाजूला जाणारी, सुती, चामडं न लावलेली पिशवी. अक्कांनी ती बघून मान्य केली आहे.

मैंदर्गी

गावी बातमी आमच्या आधी पोचली होती. देव घेऊन परदेशी गेल्या आणि सासू हरवून आल्या, असं लोक बोलत होते. अक्कांनी तीन टाक जागेवर बसवले. चौथ्या जागेवर हळदकुंकू वाहिलं आणि ती जागा तशीच मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दारात दत्तूभाऊजी उभे. अबोला विसरून आले होते. टोपी काढून देवघरासमोर बसले, मोकळ्या जागेकडे बघितलं आणि तिलाही हात जोडले. लहानपणी त्यांनाही सासूबाईंनीच जेवायला घातलं होतं.

"वैनी," ते म्हणाले, "मी अक्कलकोटला सोनाराकडं जाऊन येतो. काकीचा नवा टाक करून आनू. जागा मोकळी बरी न्हाय दिसत."

अक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "नवा कशाला? टाक गेलेल्या मानसाचा करत्यात. सासूबाई परगावी हायत."

दत्तूभाऊजी माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. पूनमचा फोटो आला होता. खिडकीत एक ताट, टेबलावर दुसरं, दोन्हींत आमटी-भात. मी तो अक्कांना दाखवला, त्यांनी पिठाचा हात लांब ठेवून नीट बघितला, मग दत्तूभाऊजींनाही दाखवायला लावला.

त्यांनी बोटांनी फोटो मोठा करून खिडकीतलं ताट बघितलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मंग काकी परत कदी येनार?"

"पूनम येईल तवा येतील," अक्का म्हणाल्या, "तिला एकटीला टाकून कशा येतील?"